फर्दापूरचं हॉथॉर्न

फर्दापूरच्या स्टँडसमोर चहाचं हॉटेल होतं, तिथल्या बाकड्यावर एक म्हातारा बसला होता. पँट गुडघ्याखाली काट्यांनी टरकलेली, नडग्यांवर ओरखडेच ओरखडे, बुटांना वाळलेला चिखल. खांद्याला पत्र्याचा लांबट डबा, रानात तोडलेली फांदी ताजी राहावी म्हणून आम्ही वनस्पतिशास्त्रवाले वापरतो तसला. मी आधी डबा ओळखला, मग माणूस. हातातला चहा मी बशीत ओतला होता, तो तसाच राहिला.

आमचे सर होते ते. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्यांच्याच खात्यात शिकवणारी. कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे खातेप्रमुख होते, रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. बिनइस्त्रीच्या कपड्यात त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. आणि हे ध्यान!

"अगं बाई, सर! तुम्ही इथं?"

"ये, बैस. बरी भेटलीस," ते म्हणाले, जसं काही आम्ही कॉलेजच्या व्हरांड्यातच भेटलो होतो. "तुलाच विचारायचं होतं. 'फर्दापूर, घाटाखाली' म्हणजे कोणती बाजू गं? लेण्यांकडची का गावाकडची?"

मी त्या दिवशी बी.एस्सी.च्या पोरांची सहल घेऊन अजिंठ्याच्या डोंगरात आले होते. पोरं वर होती, मी त्यांच्या चहाचं सांगायला खाली उतरले होते. सर कशाबद्दल बोलताहेत ते मला उमगेना.

"हॉथॉर्न," ते म्हणाले. "शोधतोय. दर गुरुवारी येतो. तीन वर्षं झाली. एक काटा दिसला नाही."

आता हे हॉथॉर्न काय ते सांगायला हवं. थंड मुलखातलं काटेरी झाड. पांढऱ्या फुलांचे घोस येतात, मग लालभडक बारीक फळं. हिमालयात रानोमाळ उगवतं. आपल्या मराठवाड्यात ते सापडायचं म्हणजे वैशाखात बर्फ पडायचा. आमच्या खात्यात त्याचा एक वाळवलेला नमुना होता, सरांनी स्वतः आणलेला. सर हैदराबादला शिकत होते तेव्हा त्यांच्या वर्गाची सहल मसुरीच्या वरच्या पहाडात गेली होती, तिथला. निजामाच्या राज्यात सगळं शिक्षण उर्दूतून, त्यामुळं नमुन्यांच्या चिठ्ठ्याही सरांनी उर्दूतच लिहिल्या होत्या, आणि ती सवय पुढंही रिटायर होईपर्यंत सुटली नाही. दरवर्षी नव्या पोरांना ते हा नमुना दाखवायचे आणि सोबत गोष्ट सांगायचे. मित्रानं हॉथॉर्नची पिकली फळं खिसा भरून घेतली, विसरून त्यावरच बसला, सगळा लगदा झाला, आणि आगगाडीच्या अख्ख्या डब्यानं त्याला दिल्लीपर्यंत चिडवलं. आम्हाला ती गोष्ट पाठ होती. कुठं थांबून हसायचं तेही पाठ होतं.

"पण सर," मी म्हणाले, "ते तर तुम्ही मसुरीहून..."

"नाही ना! तेच तर!" त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी मसुरीला गेलोच नव्हतो बहुतेक. सगळं मनानंच रचलं. नमुन्याच्या चिठ्ठीवर साफ लिहिलंय, फर्दापूर, घाटाखाली. मी हौला झालो गं. डोकं गेलं माझं."

असं कुणी स्वतःबद्दल चहाच्या टेबलावर सांगतं का? त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून दाखवला. त्यावर काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या अक्षरात त्यांचं नाव आणि घरचा पत्ता होता. हरवलेच तर कुणी आणून सोडावं म्हणून.

झालं होतं ते असं. रिटायर झाल्यावर त्यांना एका मंडळाचं पत्र आलं. जिल्ह्यातल्या वनस्पतींची यादी छापायची आहे, तुमच्या संग्रहाचा आधार घ्यायचा आहे, सगळे नमुने एकदा नजरेखालून घाला. सर खुशीत कॉलेजात आले, कपाट उघडलं आणि हॉथॉर्नच्या कागदावर त्यांना फर्दापूर दिसलं. आम्हाला शिकवताना ते बजावून सांगायचे की आपल्या आठवणीला काडीची किंमत नाही, फांदी तोडली त्याच दिवशी चिठ्ठीवर जे लिहिलं तेच खरं. दुसऱ्याला शिकवलेलं स्वतःवर उलटलं. त्यांनी आठवण टाकली आणि चिठ्ठी धरली. मग आपल्या दुसऱ्या आठवणींवरही त्यांचा भरवसा राहिना. बँकेत एकट्यानं जाणं बंद केलं. पेपर तपासायचं सोडलं. कुणी जुनी ओळख काढली की आधी काकूंच्या तोंडाकडं बघायचे, हा खरंच आपला मित्र होता का म्हणून.

मी त्या दिवशी त्यांना एस.टी.त बसवून दिलं. रडू आवरेना माझं. पण खरं सांगते, माझ्या मनात एवढंच आलं, की बिचारे सर, एवढी हुशार माणसंही अशी होतात. चिठ्ठीवरचं ते अक्षर माझं होतं हे मला ठाऊक होतं. पण मी फक्त जुन्या उर्दू चिठ्ठीवरून मराठीत उतरवून घेतलं होतं. जे होतं ते लिहिलं, माझा काय संबंध?

माझा काय संबंध! आता आठवलं की माझं मलाच थोबडवावंसं वाटतं.

चिठ्ठ्या बदलल्या तेव्हाची गोष्ट सांगते. सर रिटायर झाले त्याच वर्षी, शेवटच्या सहामाहीत, कॉलेजात तपासणीला कमिटी यायची होती. सरांचे जुने कागद कसरीनं खाल्लेले, पिवळे पडलेले. त्यात उर्दू चिठ्ठ्या. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, तशी कचेरीतून, शाळेतून उर्दू गेली, त्यालाही किती वर्षं लोटली होती. प्राचार्य म्हणाले, कमिटीपुढं हे काय ठेवता, नवे कागद लावा, चिठ्ठ्या मराठीत करा. नेमकं तेव्हाच सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्याला हिरवी पट्टी बांधून घरात पडून. आमच्या शहरात उर्दू वाचणारे गल्लोगल्ली, पण सरांचं अक्षर घसरतं, एका ओळीत चार शब्द एकमेकांत गुंतलेले. छापील वाचणाऱ्यांनी हात टेकले.

माझे वडील मात्र तसलंच अक्षर वाचत म्हातारे झालेले. आम्ही फुलंब्रीकडचे. आप्पा निजामाच्या वेळी उर्दू शाळेत चार बुकं शिकलेले, आणि पुढं गावात कुणाच्याही जमिनीचा जुना कागद निघाला की तो वाचायला आप्पांनाच बोलावणं यायचं. मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "अरे वा, मग काय पाहिजे! घेऊन जा."

मग दर शनिवारी पुठ्ठ्यात बांधलेला नमुन्यांचा एक गठ्ठा मांडीवर घेऊन मी एस.टी.नं घरी. रविवारी सकाळी ओसरीवर आप्पा आणि मी. ते चष्मा लावून चिठ्ठी वाचायचे, मी नव्या चिठ्ठीवर लिहायची. नंबर, तारीख, गाव. झाडाचं शास्त्रीय नाव इंग्रजीत असायचं, ते मी बघून लिहायची. लिहून झालं की जुनी चिठ्ठी काढून टाकायची, डिंक वाळून गेलेला, बोट लावलं की निघायची. आई त्या चिठ्ठ्या गोळा करून बंबात घालायची. तीन महिने आमच्या अंघोळीचं पाणी त्या चिठ्ठ्यांनी पेटवलं.

मधे मधे आप्पा म्हणायचे, "ऐजन."

"म्हणजे काय हो?"

"ऐजन म्हंजी वरल्यावानी. वरलंच लिही."

जमिनीच्या कागदावर तसंच असतं. एका रकान्यात गावाचं नाव एकदा लिहायचं, खाली सगळीकडं ऐजन, ऐजन. आप्पांचा जन्म त्यात गेला. गठ्ठ्यात वरचा जो कागद, त्यावर जे गाव, ते मी खालच्यावर लिहायची. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट आप्पा खूश. "तुझ्या सरांचं काम लई सोपं हाय, निम्मं तर ऐजनच लिवलंय," असं म्हणून चहा मागवायचे.

त्या उन्हाळ्यातच आप्पा गेले.

फर्दापूरला सर भेटले त्यानंतरच्या दिवाळीत आम्हा भावंडांना जमिनीचा फेरफार करायचा होता. आप्पांच्या पेटीतले जुने उर्दू कागद घेऊन आम्ही तालुक्याला एका म्हाताऱ्या कारकुनाकडं गेलो. आप्पांच्याच वयाचा, रिटायर झालेला, पण असली कामं करून देणारा. भावानं पेटीतले कागद हाताला लागतील तसे त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी वरचा उचलला, वाचला. दुसरा उचलला, डोळे बारीक केले आणि खाली ठेवून दिला.

"हे आधी नंबरवार लावून आणा."

"का? वाचता येत नाही का?" भाऊ म्हणाला.

"वाचता येतंय की! इथं ऐजन आहे. ऐजन म्हणजे याच्या आधीच्या नंबराचं. तुम्ही आणले गंजीतून उपसल्यासारखे. वरचा कागद भलत्याच गावचा. मी ऐजन वाचू आणि तुमचं शेत त्या गावात नेऊन टाकू का?"

भाऊ हसला. माझ्या डोळ्यांपुढं ओसरीवरचे गठ्ठे आले. कारकुनानं पाणी दिलं, ते मी प्यायले का नाही आठवत नाही. आप्पांच्या हातात जमिनीचे कागद येत, ते लोक नंबरवार लावूनच आणत. माझे गठ्ठे नंबरवार नव्हते. कपाटात नमुने कुळाप्रमाणं लावायचे असतात, गुलाबाच्या कुळातले एकत्र, शेंगांचे एकत्र. सर हिंडले एका क्रमानं आणि कपाटात ते बसले दुसऱ्याच क्रमानं. त्यांनी डोंगरात बसून आपल्या आधीच्या नंबरासाठी ऐजन लिहिलं, आणि आम्ही ओसरीवर बसून ते गठ्ठ्यातल्या वरच्या कागदासाठी वाचलं.

दुसऱ्या दिवशी दिवाळीची सुट्टी असताना मी शिपायाकडून किल्ली घेऊन खातं उघडलं. हॉथॉर्न काढलं. नंबर दोनशे तेरा. गुलाबाच्या कुळातल्या गठ्ठ्यात त्याच्या वर जो नमुना, तो फर्दापूरचा. मग दोनशे बारा शोधलं, एक नेचा. वर माझ्या अक्षरात म्हैसमाळ. दोनशे चौदा सापडायला तासभर गेला. चीड निघाली, हिमालयातली चीड म्हणजे पाइनचं झाड, लांबच लांब सुया असलेलं, आणि खाली माझ्या सुबक अक्षरात: चिकलठाणा.

तिन्हीवर तारीख एकच.

एका दिवसात एक माणूस म्हैसमाळ, फर्दापूर आणि चिकलठाणा करून आला, पोलीस ॲक्शनच्याही आधी, आणि चिकलठाण्याच्या माळावर त्याला चीड सापडली! मी लिहिलं होतं हे. वनस्पतिशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईनं. लिहिताना डोळे फुटले होते का माझे? मी तिथंच फरशीवर बसले. सर मसुरीला गेले होते. मित्राच्या खिशातली फळं खरी होती. सरांचं डोकं शाबूत होतं, आणि मी त्यांना वेडं केलं होतं.

आता कुणीही म्हणेल, तशीच उठून त्यांच्या घरी गेली असेल.

नाही गेले. बारा वर्षं हंगामी नोकरी केल्यावर मला कायम करायचा कागद तेव्हा ऑफिसात फिरत होता. सही आज होईल, उद्या होईल असं चाललेलं. आणि नवे खातेप्रमुख असे, की खडूचा तुकडा हरवला तरी लेखी खुलासा मागायचे. सरकारी संग्रहाच्या जुन्या चिठ्ठ्या जाळल्या म्हटल्यावर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. मी स्वतःची समजूत घातली, कायम झाले की सांगू. सर तसे धडधाकट आहेत, हिंडताहेत, तेवढाच व्यायाम. असं म्हणाले मी, मनातल्या मनात. व्यायाम! लाज नावाची चीज नव्हती मला. गुरुवार आला की मात्र मला जेवण जायचं नाही. घड्याळात आठ वाजले की आता सर स्टँडवर असतील, नऊ वाजले की गाडी सिल्लोडच्या पुढं गेली असेल.

संक्रांत झाली आणि एका गुरुवारी सर घाटाखालच्या ओढ्यात पडले. मेंढ्या घेऊन निघालेल्या दोघा धनगरांनी त्यांना उचलून रस्त्यावर आणलं, खिशातला पत्त्याचा कागद गावातल्या मास्तरांकडून वाचून घेतला आणि एक जण चक्क एस.टी.नं शहरापर्यंत घरी सोडायला आला. उजवा हात मोडला होता. मला हे काकूंनीच सांगितलं, औषधाच्या दुकानात भेटल्या तेव्हा.

"आता नागपूरहून लेक येतेय रविवारी," काकू म्हणाल्या. "दोघांनाही घेऊन जायचं म्हणतेय. घर बंद करायचं. तिचं तरी काय चुकलं गं? ह्यांचं हे असं. काल मला विचारतात, आपलं लग्न नक्की कोणत्या गावी झालं? मी सांगितलं तर म्हणे, कुठं लिहिलंय का?"

बास. मला पुढचं ऐकवेना. औषधाची पुडी काकूंच्या हातात कोंबली आणि म्हणाले, "काकू, घरी चला. मला सरांशी बोलायचंय. आत्ताच्या आत्ता."

सर खुर्चीत बसले होते, हात गळ्यात बांधलेला. मी त्यांच्यासमोरच्या वेताच्या मोड्यावरही बसले नाही, उभ्या उभ्याच सगळं ओकले. आप्पा, ओसरी, ऐजन, गठ्ठा, बंब, तालुक्याचा कारकून, आणि कायम व्हायच्या कागदापायी मी गप्प बसले तेही. मधेच माझी जीभ अडखळली की काकू म्हणायच्या, "पुढं?" शेवटी मी तीन नंबर सांगितले, दोनशे बारा, तेरा, चौदा. एकच तारीख आणि तीन गावं.

"चौदा काय आहे?" सरांनी विचारलं.

"चीड, सर."

"त्यावर काय लिहिलंस?"

"चिकलठाणा."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग ते हसायला लागले. "चिकलठाण्याला चीड! अरे बापरे! विमानतळाच्या बाजूला का एमायडीसीत?" मोडका हात दुखत होता, तो दुसऱ्या हातानं धरून हसत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं. "ऐकलंस का गं? मी गेलो होतो! पहाडात गेलो होतो मी! तो फळांवर बसला होता!"

"मी कधी नाही म्हटलं?" काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळल्या. तीन वर्षांत हा माणूस हसलेला त्यांनी पाहिला नसावा. मी पण हसत होते, रडत होते, माझं मला कळत नव्हतं. मला वाटलं, सुटले. देवा, सुटले मी. सांगून टाकलं, सरही सुटले.

"म्हणजे डोकं ठिकाणावर आहे माझं," सर म्हणाले.

"हो, सर. अगदी."

"हौ. आहे." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग हसू हळूहळू उतरत गेलं, आणि ते उतरताना मी पाहिलं. "ऐजन किती होते गं एकूण?"

इतके दिवस मी हॉथॉर्न-हॉथॉर्न करत होते, तीन नंबर पाठ करून आले होते. हा प्रश्न माझ्या मनाला शिवलाच नव्हता. खरंच सांगते, शिवला नव्हता. मी भीतीपोटी तिथं पोचायच्या आधीच थांबले असेन.

"बरेच, सर."

"बरेच म्हणजे?"

"आप्पा म्हणायचे, निम्मे."

काकूंना काही कळलं नाही. त्या चहा टाकायला आत गेल्या. सरांना कळलं, आणि मला त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं. उभ्या हयातीत गोळा केलेलं सगळं. लग्नाआधीपासून ते रिटायर होईपर्यंत, खुलताबादपासून कन्नडपर्यंत पायी हिंडून आणलेलं. कारखाने यायच्या आधी माळावर काय उगवायचं ते फक्त त्या कपाटात होतं. आता त्यातल्या निम्म्या चिठ्ठ्या खोट्या, आणि निम्म्या कोणत्या ते सांगणारं कुणी नव्हतं. आप्पा गेले होते. चिठ्ठ्यांची राख झाली होती. सरांची नंबरवार वही पोलीस ॲक्शनच्या धामधुमीतच गेली होती, गाव सोडून जावं लागलं तेव्हा ट्रंकेसकट, आणि पुढं त्यांनी वही ठेवलीच नाही, चिठ्ठीवरच लिहीत गेले. वाळलेला पाला कुणाला नको होता म्हणून नमुने तेवढे वाचले होते.

"आपण नंबरवार लावू, सर," मी म्हणाले. "तारखा आहेत. तारखांवरून जुळवू. मी रोज येईन, रविवारी येईन, मी एकटी करते, तुम्ही फक्त..."

"जुळवलेलं म्हणजे अंदाज. तसा अंदाज मी कुणाला छापू देणार नाही." आवाज चढला नव्हता त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं. "उतरवलेलं ताडून बघणं माझं काम होतं. पट्टी सुटल्यावर मी कपाट उघडलं नाही. निरोपसमारंभ होता, हारतुरे होते."

मी हात जोडले. त्यांनी डाव्या हातानं टेबलावरचा कागद पुढं सरकवला. "बैस. त्या यादीवाल्यांना पत्र लिहायचंय. पुढच्या महिन्यात छापायला देताहेत. माझा हात असा, तू लिही."

मी बसले. त्यांनी सांगितलं, मी लिहीत गेले. माझ्या संग्रहातील नमुन्यांचा आपल्या यादीसाठी कृपया आधार घेऊ नये. एकाही नमुन्याचा घेऊ नये. यादीत माझ्या नावाचा उल्लेखही करू नये.

"कारण लिही," ते म्हणाले आणि थांबले. खिडकीतून बाहेर बघितलं. मी पेन टेकवून बसले होते. माझं नाव येणार, आप्पांचं येणार, ओसरी, बंब, सगळं येणार. येऊ दे, असं मी मनाशी म्हटलं, आणि त्याच क्षणी ऑफिसातला तो सहीचा कागद माझ्या डोळ्यांपुढून गेला. शपथेवर सांगते, गेला.

"कारण," सर म्हणाले, "संग्राहकाची स्मृती वयोमानाने भ्रष्ट झाली असून त्याने दिलेल्या स्थळांच्या नोंदींवर विश्वास ठेवता येत नाही."

"सर!"

"लिही."

"सर, हे खोटं आहे! तुम्ही आत्ता म्हणालात..."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं होतं. "अहो, हे काय चालवलंय? आत्ता हसत होतात ना? डोकं ठिकाणावर आहे म्हणालात ना?"

"आहे," सर म्हणाले. "ते घरापुरतं."

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. त्या काहीतरी म्हणतील, कागद फाडतील, मला हाकलून देतील असं वाटलं. मलाही उठता आलं असतं. पेन खाली ठेवता आलं असतं, त्याला काही ताकद लागत नाही.

मी लिहिलं. शब्दन्‌शब्द लिहिला. मग पेन त्यांच्या डाव्या हातात दिलं, कागद हलू नये म्हणून मी धरला, आणि सरांनी सही केली.